पाणी नेमकं कुठे तुटतं?

प्रश्न लातूरला राहून बारावी करणाऱ्या, औशाकडच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "फिजिक्सच्या सरांनी सांगितलं की दाब शून्याखाली जाऊच शकत नाही, म्हणून सक्शनची मोटर दहा मीटरच्या वर पाणी ओढत नाही, वर पाण्याची वाफ होते. बायोलॉजीच्या सरांनी सांगितलं की झाडाच्या आत उणे पंधरा-वीस बार दाब असतो. दोन्ही खरं कसं? एवढ्या ताणात पाणी तुटत कसं नाही, आणि तुटतं तेव्हा बुडबुडा येतो कुठून? आमच्या विहिरीवरची मोटर पण उन्हाळ्यात पाणी ओढीना गेलीय. तिचा याच्याशी संबंध आहे का?"

दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो वायूचा नियम द्रवाला लावला की.

हवेचा दाब म्हणजे रेणू भिंतीवर येऊन आदळणं. रेणू कमी करत गेलो तर शेवटी आदळायला कुणी उरत नाही आणि दाब शून्य होतो. त्याखाली जायला वायूकडे काही साधनच नाही. पाण्याचे रेणू मात्र एकमेकांना धरून असतात, काचेला आणि लाकडालाही धरतात. म्हणून पाणी भिंतीला ढकलू शकतं तसं ओढूही शकतं. ते ओढत असतं तेव्हाच्या दाबाला आपण उणे म्हणतो. यात चमत्कार काही नाही. फक्त पाणी कुठे मध्येच फाटायला नको, एवढीच अट.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू, कारण चांगले शिकलेले लोकही यात अडकतात. मोटरीवरच्या व्हॅक्यूम गेजवर उणे आकडा दिसतो, तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत असतो. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब साधारण ०.९४ बार. गेज उणे ०.७ दाखवत असेल तर पाइपात खरा दाब अजून ०.२४ बार शिल्लक आहे, म्हणजे शून्याच्या वरच. तुझ्या मोटरीत खरा उणे दाब येतच नाही. बांधावरच्या लिंबाच्या झाडात मात्र चैत्रात रोज दुपारी येतो.

आता बुडबुड्याकडे.

समज, अगदी शुद्ध पाणी आहे, हवा नाही, धूळ नाही, भिंतही दूर आहे. त्याला दहा बारने ताणलं. पाण्याच्या दृष्टीने सोयीचं काय? मध्ये एक पोकळी पडून ताण सुटला तर बरंच. पण पोकळी पाडायची म्हणजे आत नवा पृष्ठभाग उघडायचा, आणि त्याची किंमत मोजावी लागते. तिलाच पृष्ठताण म्हणतात. २५ अंशाला ती दर चौरस मीटरला ०.०७२ ज्यूल. पोकळीतून मिळणारा फायदा तिच्या घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या. खर्च पृष्ठफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या. त्रिज्या बारीक असते तेव्हा वर्ग घनाच्या वरचढ ठरतो. म्हणून छोटी पोकळी पडली तरी पृष्ठताण तिला लगेच मिटवतो. एका ठराविक आकाराच्या पुढे मात्र पारडं फिरतं आणि तीच पोकळी झपाट्याने वाढत सुटते. त्या आकाराला क्रांतिक त्रिज्या म्हणतात, आणि तिचं सूत्र तुला येणाऱ्या गणिताइतकं सोपं आहे: पृष्ठताणाची दुप्पट भागिले ताण.

आकडे घालून बघ. १ बार ताणाला ती त्रिज्या १.४ मायक्रोमीटर येते. १० बारला तिचा दहावा भाग, १४० नॅनोमीटर. १०० बारला १४ नॅनोमीटर. १,४०० बारला जेमतेम १ नॅनोमीटर, म्हणजे सुमारे १४० रेणू मावतील एवढी जागा.

क्रांतिक त्रिज्येपर्यंत पोचायला जेवढी ऊर्जा लागते, तो चढ. तोही काढता येतो: सोळा गुणिले पाय (π) भागिले तीन, गुणिले पृष्ठताणाचा घन, भागिले ताणाचा वर्ग. ही ऊर्जा आणायची कुठून? बाहेरून कुणी देत नसेल तर रेणूंच्या स्वतःच्या उष्ण धडपडीतून. त्या धडपडीचं माप म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. या मापात १० बार ताणाला चढ येतो सुमारे पंधरा लाख पट. १०० बारला सुमारे पंधरा हजार पट. हे आकडे कुठल्याही अर्थाने ओलांडण्यासारखे नाहीत. विश्वाच्या वयाइतकं थांबलास तरी शुद्ध पाण्यात १० बारला आपोआप बुडबुडा येणार नाही. १,४०० बारपाशी मात्र तो चढ ऐंशीपटीच्या आसपास उतरतो. पाण्याच्या थेंबात रेणू इतके असतात, आणि ते सेकंदाला इतक्या वेळा हिसके देतात, की ऐंशीपट चढसुद्धा कुठे ना कुठे, कुणीतरी चढून जातं. तिथे पाणी स्वतःहून फाटतं.

म्हणजे कागदावरची पाण्याची ताकद चौदाशे बार. एका चौरस सेंटिमीटरच्या पाण्याच्या स्तंभाला जवळपास दीड टन टांगता येईल एवढी. आणि तुझ्या विहिरीवरची मोटर एका बारच्या आतच हात टेकते. या दोन आकड्यांमधलं अंतर समजलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच.

मधलं सगळं अंतर घाणीचं आहे. घाण म्हणजे चिखल नव्हे. पाण्यात किंवा भांड्याच्या भिंतीत आधीपासून लपून बसलेला वायू. लोकांना वाटतं की ताण दिला की पाण्यात कुठेही बुडबुडा जन्मतो. व्यवहारात तो जवळजवळ कधीच जन्मत नाही. असलेला वाढतो.

पण असलेला म्हणजे कुठे असलेला? ही गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. पाण्यात मोकळा तरंगणारा १ मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा घे. पृष्ठताण त्याला बाहेरून १.४४ बार जास्तीचा दाब देतो. इतक्या दाबाखाली आतली हवा पाण्यात विरघळून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. मोठा बुडबुडा टिकतो, पण तो वर जाऊन फुटतो. म्हणजे दोन दिवस निवांत ठेवलेल्या पाण्यात मोकळे बुडबुडे उरायलाच नकोत. तरी त्या पाण्याला जरा ओढलं की बुडबुडे येतातच. अमेरिकेतले ई. न्यूटन हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ च्या सुमारास याचा छडा लावला. वायू भिंतीच्या किंवा धुळीच्या कणाच्या बारीक चिरेत बसलेला असतो. चिरेची आतली बाजू पाण्याला नीट धरत नसेल, तेलकट असेल, तर तिथे पाण्याचा पृष्ठभाग उलटा, वायूच्या बाजूला फुगलेला राहतो. मग पृष्ठताण वायूला दाबण्याऐवजी सांभाळून ठेवतो. असा वायू महिनोन्महिने विरघळत नाही. ताण आला की तो चिरेच्या तोंडाशी येतो, क्रांतिक आकार ओलांडतो आणि सुटतो. पंधरा लाखपट चढ त्याला चढावाच लागत नाही, तो आधीच पलीकडे बसलेला असतो.

हार्वे यांनी याचा पुरावाही दिला. तेच पाणी आधी प्रचंड दाबाखाली ठेवून मग मोकळं केलं, तर ते बुडबुडे द्यायला कितीतरी पट कुरकुर करतं. दाबाने चिरांतला वायू विरघळून गेलेला असतो, बुडबुड्याचं बीजच शिल्लक राहत नाही. सोड्याच्या ग्लासात एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ वर येताना तू पाहिली असशील. त्या ठिकाणी हीच भानगड असते.

माझं बरंचसं काम जमिनीतला ओलावा मोजण्याचं. परभणीकडच्या काळ्या जमिनीत आम्ही टेन्शिओमीटर लावतो, म्हणजे माती पाण्याला किती ताणाने ओढते ते मोजणारं यंत्र. पारदर्शक नळी, खाली सच्छिद्र सिरॅमिकचा कप, वर रबरी बूच, बाजूला शंभर सेंटीबारपर्यंतचं, म्हणजे एका बारपर्यंतचं गेज. नळीत पाणी भरून कप मुळांच्या खोलीला गाडायचा. जमीन वाळत गेली की ती कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. लावण्याआधी कप रात्रभर उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. मग नळी भरून हातपंपाने सत्तर-ऐंशी सेंटीबारपर्यंत ओढायचं आणि नळीकडे बघत बसायचं. बुडबुडे पाण्याच्या मधोमध उठत नाहीत. कप आणि नळीच्या जोडावर उठतात, बुचाच्या कडेला उठतात, नळीला आतून कुठे ओरखडा असेल तर नेमके त्या ओरखड्यावर उठतात. टिचकी मारून ते सोडवायचे, वर येऊ द्यायचे, पाणी पुन्हा भरायचं, पुन्हा ओढायचं. प्रत्येक फेरीला कमी होत जातात. ज्याला हा विषय डोळ्यांनी बघायचा आहे त्याने ही अर्ध्या तासाची तयारी एकदा बघावी.

एवढं करूनही हे यंत्र ८०-८५ सेंटीबारच्या पुढे जात नाही. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येते, नळीच्या वरच्या टोकाला गोळा होते आणि काटा खाली येत येत शून्यावर बसतो. नवखा मुलगा वहीत शून्य लिहून मोकळा होतो. शून्याचा अर्थ जमीन चिंब ओली, आणि समोर बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ज्वारीच्या रानात जानेवारीअखेर हे हमखास घडतं. म्हणून मी सांगून ठेवतो की शून्य दिसलं की आधी नळीतलं पाणी बघा.

पण ही मर्यादा यंत्राची आहे, पाण्याची नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये रिडली आणि बर्लंड यांनी १९९३ मध्ये असंच यंत्र वेगळ्या पद्धतीने बनवलं. पाण्याची जागा अगदी चिमुकली ठेवली, सिरॅमिक फार बारीक छिद्रांचं घेतलं, आणि वापरण्याआधी सगळं पाण्यासकट जोरात दाबून काढलं. त्या यंत्राने पंधरा बारपर्यंतचा ताण मोजला. पाणी तेच, फक्त चिरांतला वायू काढून टाकलेला.

पाण्याला खरोखर ताणून बघण्याचा उद्योग जुना आहे. हायगेन्सने १६६२ मध्येच पाहिलं होतं की हवा काढून टाकलेलं पाणी नळीत भरून उपडं केलं, तर बाहेरची हवा उपसून घेतली तरी ते खाली येत नाही. १८५० मध्ये बर्थेलोने जाड काचेची नळी पाण्याने जवळजवळ भरून बंद केली, तापवली. पाणी फुगून उरलेली जागा भरून निघाली. मग गार होऊ दिली. पाण्याला आकसायचं होतं, पण ते काचेला चिकटून होतं, त्यामुळे ताणलं गेलं, आणि शेवटी टक्क असा आवाज होऊन तुटलं. त्याचा अंदाज पन्नास वातावरणांच्या आसपासचा होता. १९५० मध्ये अमेरिकेत लायमन ब्रिग्ज यांनी दोन्ही टोकं उघडी असलेली बारीक नळी गरागरा फिरवली. पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर फेकलं जाऊ पाहतं आणि मध्ये ताण येतो. दहा अंश तापमानाला त्यांना २७७ बार मिळाले. पावणेतीन किलोमीटरपेक्षा उंच पाण्याचा स्तंभ टांगल्यासारखंच झालं हे. गंमत म्हणजे पाणी शून्य अंशाजवळ नेलं की ही ताकद एकदम कोसळायची.

सगळ्यात पुढे गेले ते १९९१ मधले झेंग, डर्बन, वुल्फ आणि एंजल. त्यांनी क्वार्ट्झ वापरलं. आपल्याकडे नांगराच्या फाळाला लागते ती पांढरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झच. प्रयोगशाळेत उष्णता आणि दाब देऊन स्फटिकातल्या भेगा पाण्यासकट सांधल्या की आत काही मायक्रोमीटरचे पाण्याचे कप्पे अडकतात. गार करताना बर्थेलोच्या नळीसारखंच घडतं. तिथे ताण १,४०० बारपर्यंत गेला, म्हणजे वरच्या गणिताच्या अगदी जवळ. कप्पा एवढा छोटा की त्यात धुळीचा एक कणही सापडायची शक्यता कमी, आणि भिंत स्वच्छ स्फटिकाची.

इथे एक खोच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बाकी पद्धती फार तर २०० ते ३०० बारच्या दरम्यान अडतात. पॅरिसमध्ये हर्बर्ट, बालिबार आणि कोपँ यांनी २००६ मध्ये अल्ट्रासाउंड एका बिंदूवर एकवटून, म्हणजे भिंतीपासून दूर, पाणी ताणलं. ते २६० बारच्या आसपास तुटलं. २००८ मध्ये व्हीलर आणि स्ट्रूक यांनी जेलमध्ये कृत्रिम झाड केलं, तेही २२० बारच्या आसपास थांबलं. एकटं क्वार्ट्झ चौदाशेला पोचतं. बाकीच्या पद्धतींत नजरेआड राहणारी काही अशुद्धी आहे असं एक मत, क्वार्ट्झमधल्या ताणाचं मोजमापच पुन्हा तपासायला हवं असं दुसरं. वाद मिटलेला नाही. माझा कल अशुद्धीकडे आहे, कारण आयुष्यभर टेन्शिओमीटरमध्ये मी तेच बघत आलोय.

आता झाड. पानातून पाणी उडून जातं तेव्हा पेशींच्या भिंतींतल्या अतिबारीक छिद्रांत पाण्याचे पृष्ठभाग आत ओढले जातात. ५ नॅनोमीटर त्रिज्येचं छिद्र घेतलं तर त्यातला पृष्ठभाग जवळपास २९० बार ताण तोलू शकतो, म्हणजे पानाकडे ताकदीचा तुटवडा नाही. हा ताण झायलेमच्या, म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या, नळ्यांतून थेट मुळापर्यंत आणि मुळातून मातीपर्यंत जातो. डिक्सन आणि जॉली यांनी हे १८९४ च्या सुमारास मांडलं, आणि बऱ्याच वादानंतर आज तेच मान्य आहे. उंचीचा वाटा यात किरकोळ, दहा मीटरला एक बार. खरी ओढाताण मातीशी असते. आपली काळी माती पाणी भरपूर धरते पण सोडताना कंजूष. पंधरा बार ताणाला पिकं कायमची सुकतात असं पुस्तकं धरतात, तेव्हाही काळ्या मातीत हाताला ओल लागते. शेतकरी म्हणतो, "माती ओली हाय तरी पीक का मान टाकतंय?" ओल आहे, पण ती ओढून घ्यायला लागणारा ताण पिकाच्या आवाक्याबाहेर गेलाय.

झाडाच्या नळ्या टेन्शिओमीटरपेक्षा चांगल्या का ठरतात? एक तर त्या जन्मापासून पाण्याने भरलेल्या असतात, कोरड्या नळीत नंतर पाणी भरलेलं नसतं. त्यामुळे चिरांत हवा अडकायचा प्रसंगच येत नाही. भिंती पाण्याला घट्ट धरतात. आणि मातीतून येणारं पाणी मुळातल्या पेशींतून गाळून आत येतं, धुळीचा कण घेऊन नाही. यापेक्षा चांगली तयारी माझ्याच्याने होत नाही.

तरी झाडातही पाणी तुटतं. तिथला बुडबुडा बहुतेक वेळा शेजारून येतो. एक नळी आधीच रिकामी झालेली असते, किडीने किंवा छाटणीने म्हणा. तिच्या आणि भरलेल्या नळीच्या मध्ये भिंतीत बारीक छिद्रांचे पडदे असतात. ताण वाढला की सगळ्यात मोठ्या छिद्रातून हवेचा ठिपका आत ओढला जातो. २० बारला १४४ नॅनोमीटर व्यासाचं छिद्र पुरे. झाडाची सहनशक्ती पाण्यावर ठरत नाही, त्या पडद्यातल्या सर्वात ढिल्या छिद्रावर ठरते. हे तपासायची युक्तीही सुरेख आहे: फांदीला ताण न देता तिच्याभोवती उलट हवेचा दाब वाढवायचा. ज्या आकड्याच्या ताणाला फांदीचं वहन बंद पडतं, जवळपास त्याच आकड्याच्या दाबाला ते इथेही बंद पडतं. पाणी आतून फाटत असतं तर बाहेरच्या दाबाने असं व्हायचं कारण नव्हतं.

बुडबुडा आत आला की काय होतं ते झटपट आहे. पाणी १४ बारला ताणलेलं असलं तरी ते फुगलेलं असतं फक्त ०.०६ टक्के, त्यामुळे ताण मायक्रोसेकंदांत सुटतो आणि नळीला हादरा बसतो. शेजारच्या भरलेल्या नळ्या या नळीतलं पाणी ओढून घेतात. सुरुवातीला पोकळीत जवळपास नुसती वाफ असते. मग आजूबाजूच्या पाण्यातून हवा येते आणि नळी कायमची बाद होते. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये हा हादरा ऐकला, आणि तो आपल्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाच्या पानात. तोडलेल्या पानाच्या देठाला कंपनं टिपणारं साधन लावलं, पान सुकू लागलं तशी टकटक सुरू झाली. देठाला पाणी दिलं की थांबायची. २०२३ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या तहानलेल्या रोपांचे असेच आवाज हवेतून, रोपाला हात न लावता टिपले. तेव्हापासून "झाडं रडतात" असे मेसेज फिरतायत. रडणं वगैरे काही नाही. नळ्यांत बुडबुडे पडतायत, एवढाच त्याचा सरळ अर्थ लागतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद भागातल्या मोसंबीच्या बागा गेल्या, तेव्हा लोकांनी टँकरने पाणी आणून ओतलं. काही झाडं उठली, काही ओल्या आळ्यात उभी वाळली. मुळंही मेलेली असतात, कारणं अनेक असतात. पण ज्या खोडातल्या बहुतेक नळ्यांत हवा शिरली, त्याला बुंध्याशी कितीही पाणी दिलं तरी ते वर जायला वाटच राहिलेली नसते. २०१२ मध्येच जगभरातल्या २२६ जंगली जातींचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ७० टक्के जाती नळ्यांत हवा शिरून वहन बंद पडायच्या काठावरच जगताना दिसल्या. पाऊस भरपूर असलेल्या प्रदेशातल्याही. म्हणून बाग वाचवायची तर पाणी पानं गळायच्या आधी द्यायचं, थोडं का असेना. सोबत छाटणी करून पानांचा भार कमी करायचा आणि आळ्यात आच्छादन टाकायचं.

घरी करून बघण्यासारखं एक सांगतो. सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज घे. एकदा नळाचं किंवा बोअरचं पाणी अर्धं भर, हवा काढ, तोंडावर बोट दाब आणि दांडा ओढ. बुडबुडे पटकन येतील, आणि ते रबराच्या कडेपासून येतील. मग पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून पूर्ण गार कर, सिरिंज पाण्यातच बुडवून भर, टिचक्या मारून आतली हवा घालव आणि पुन्हा ओढ. या वेळी जास्त जोर लागेल. हाताला जो हिसका जाणवेल तो एका बारच्या आसपासचा. खरा उणे दाब यात येत नाही, रबर येऊ देत नाही. पण बुडबुडा कुठून सुरू होतो ते दिसतं.

राहिली तुझ्या वडिलांची मोटर. लातूरच्या उंचीवर हवा पाण्याला ९.६ मीटर, म्हणजे साडेएकतीस फूट उचलू शकते. ३५ अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब यातले अर्धा मीटरहून जास्त खातो. फुटवॉल्व्ह, बेंड आणि पाइपाचं घर्षण आणखी खातं, आणि इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी पंपाला स्वतःला काही दाब शिल्लक लागतो. हिशेब करून उन्हाळ्यात वीस-बावीस फूट हातात राहतात. त्याच्या पुढे इम्पेलरच्या तोंडाशी पाणी उकळायला लागतं, शंभर अंश वगैरे न होता, गारच. ते बुडबुडे दोन बोटं पुढे जास्त दाबात जाऊन मिटतात, आणि मिटताना धातूवर घाव घालतात. रेले यांनी १९१७ मध्ये या मिटण्याचं गणित केलं तेव्हा दाब हजारो बारपर्यंत जाऊ शकतो असं दिसलं. मोटर खोलली तर पात्यांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे एकमेकांत मिसळलेले दिसतात, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. गंजाने असे खड्डे त्याच एका पट्ट्यात पडत नाहीत.

असे बुडबुडे उठून मिटण्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पण आधी हे तपासा की ते कॅव्हिटेशन आहे की नुसती हवा. गावात दोन्हीला "मोटरीने हवा धरली" म्हणतात आणि उपाय वेगळे आहेत. डिलिव्हरीला पाणी पांढरट फेसाळ, थबकत येत असेल तर सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय. जोड खोलून पॅकिंग बदला; सायकलची ट्यूब गुंडाळून आठवडा निघतो, हंगाम निघत नाही. बंद केल्यावर रात्रीत पाइप रिकामा होऊन सकाळी पुन्हा पाणी भरावं लागत असेल तर फुटवॉल्व्ह गळतोय. आणि पंपात खडे टाकल्यासारखा खडखड आवाज येत असेल, तर डिलिव्हरीचा वॉल्व्ह थोडा बंद करून बघा. आवाज मऊ झाला तर कॅव्हिटेशन आहे. तसं असेल तर जास्त हॉर्सपॉवरची मोटर आणू नका, दुकानदार तेच सांगेल. विहिरीत लोखंडी अँगल टाकून मोटर पाण्याच्या पंधरा फुटांच्या आत उतरवा, सक्शनचा पाइप एक माप मोठा घ्या, बेंड एकच ठेवा आणि फुटवॉल्व्हची जाळी गाळातून दोन फूट वर उचला. एवढ्यावर भागत नसेल तर पाणबुडी (सबमर्सिबल) मोटर बसवा. ती पाण्यातच बसून खालून ढकलते, त्यामुळे साडेएकतीस फुटांचा नियम तिला लागतच नाही. फक्त विहीर उपसत आली की तिचंही तोंड उघडं पडतं, म्हणून पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा ड्राय-रन कटऑफ लावल्याशिवाय बसवू नका.